एका हातानं बसवलेली काच

आमच्या तांड्यात नवरीच्या ओढणीवर काच खरीच लागते. बाजारात प्लास्टिकचे आरसे मिळतात. वजनाला हलके, शिवायला सोपे, कडेला भोकं आधीच पाडलेली. तरी ते चालत नाहीत. माझी याडी त्यांना डबड्याचे तुकडे म्हणायची. याडी म्हणजे आई. आमची घरातली बोली वेगळी आहे, गोरमाटी. ती जशीच्या तशी कागदावर मांडली तर माझ्या कॉलेजातले लोक पहिल्याच पानावर पुस्तक मिटतील. म्हणून इथं मी सगळ्यांना वऱ्हाडीत बोलायला लावलं आहे, बाजारात आणि एसटीत आम्ही बोलतो तशी.

प्लास्टिक न चालण्याचं कारण याडी एका दमात सांगायची. नजर लागली की काच तडकते आणि पोरगी वाचते. प्लास्टिक तडकत नाही. मग ती नजर जाणार कुठं? मी वाशिमला भौतिकशास्त्र शिकवते. फळ्यावर आरसा काढते, येणारा किरण, जाणारा किरण, दोन्ही कोन सारखे. नजरेचा किरण त्यात कुठं बसवायचा, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणात ती मला हरवायची.

तिची काच आजूबाजूच्या तांड्यांत नावाजलेली होती. मानोऱ्याच्या आसपास तांड्यांना तोटा नाही, पण कुठंही लग्न ठरलं की ओढणीचं कापड आमच्या दारात येऊन पडायचं. काचेला भोक नसतं. ती डाव्या अंगठ्यानं कापडावर दाबून धरायची, उजव्या हातानं तिच्यावरून उभे-आडवे धागे घ्यायचे, ते ताणून बसले की त्यांच्यातच सुई अडकवत कडेनं गोल वीण घालायची. वीण पुरी होईपर्यंत अंगठा हलता कामा नये. पाहणाऱ्याचं सगळं लक्ष सुईकडं असतं, आणि खरं काम तो न हलणारा अंगठा करत असतो. मला ते कधी जमलं नाही. ‘हिनं लावलेली काच दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठात सापडते,’ असं याडी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी समोर असले तर जरा मोठ्यानं सांगायची.

उन्हाळ्यात एका सकाळी तिच्या कडेवरून पाण्याचा गुंड सुटला आणि पाठोपाठ तीही पडली. लकवा. भावानं जीपमध्ये घालून तिला वाशिमला आणलं. बोलणं लवकर परत आलं, शिव्यांसकट. पायही सावकाश आला, काठी टेकत ती चालू लागली. डावा हात तेवढा आला नाही. तो मांडीवर ठेवला तर मांडीवर राहायचा, खाली लोंबला तर लोंबत राहायचा. दवाखान्यातून ती माझ्याकडं आली. माझं घर दोन खोल्यांचं, मी एकटी राहते. तिनं तक्रारीचा एक शब्द काढला नाही. तिनं तक्रार करायचं सोडलंय, हे पाहूनच मी घाबरले.

आता आमच्या तांड्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. दिवाळी झाली की तांडा रिकामा होतो. मुकादमाचा ट्रक येतो. भांडी, गोधड्या, कोयते, पोरंबाळं चढतात आणि माणसं ऊसतोडीला निघून जातात, ती ऊन तापायला लागल्यावर परततात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. त्यांच्यात नियम एकच, ज्याचा हात चालतो तो राहतो. कोणी शेळ्या राखायच्या, कोणी पाणी आणायचं, कोणी भाकरी टाकायच्या. आपलं काम दुसऱ्याला, दुसऱ्याचं आपल्याला. ज्याचा हात चालत नाही त्याला लेकरं बरोबर नेतात, नाहीतर नातेवाइकाकडं ठेवतात. त्याला कोणी हाकलत नाही. पण फुकटची भाकर आमच्या म्हाताऱ्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून तेच आपणहून उठतात. याडीचा हात म्हणजे तिची सुई. सगळा हिवाळा ती लग्नाच्या ओढण्या शिवायची, आणि शेजारची काकी तिच्या वाटच्या भाकरी टाकायची. बाबा गेल्यापासून असंच चाललं होतं.

पावसाळ्यात भाऊ वाशिमला आला. चहा घेऊन झाला तरी तो कपाकडंच पाहत होता.

"यंदा याडीले तूच ठेव," तो म्हणाला. "तठी कोपीत लकवा झालेलं मानूस कसं ठेवू? अन् तांड्यात ठेवलं त तिचं कोन करीन?"

त्याचं काही चुकत नव्हतं. उसाच्या फडाजवळच्या कोपीत धड माणूस वाकून शिरतं. आणि मला तर ती हवीच होती. हे मी स्पष्ट लिहिते, कारण पुढं जे केलं ते माझ्या मनाविरुद्ध केलं. शाळेसाठी तांडा सोडला तेव्हापासून मी वसतिगृहात, मग भाड्याच्या खोल्यांत राहिले. आई घरात असणं म्हणजे काय, ते मला सुट्टीपुरतं माहीत होतं. संध्याकाळी कुलूप न उघडता आपल्याच घरात शिरता येतं, याचं मला त्या उन्हाळ्यात अप्रूप वाटायला लागलं होतं.

माझ्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर एक यंत्र होतं. यंत्र म्हणण्याइतकं ते दिसायचं नाही. कॉलेजानं टाकून दिलेल्या सूक्ष्मदर्शकाचा स्टँड, त्यावर तराजूच्या दांडीसारखी एक हलकी दांडी, दांडीच्या टोकाला उभी सुई, खाली उथळ भांडं आणि बाजूला वीज पुरवणारा डबा. पाहुण्यांना ते माशांचं भांडं वाटायचं, विचारायचे, मासे कुठं गेले? एकेकाळी मी त्यावर प्रबंध लिहिणार होते. लिहिणार होते ते राहिलं, यंत्र राहिलं, आणि धूळ झटकण्यापुरता आमचा संबंध उरला.

एके दिवशी मी ते पुसत होते आणि याडी खुर्चीत बसून पाहत होती.

"हे काय करते?" तिनं विचारलं.

"काचीले भोक पाडते."

"खऱ्या काचीले?"

"खऱ्या."

"फुटत नाई?"

"नाई फुटत. लय बारीक असते. सुई जाईन एवढं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं डुलकी लागली. मग ती म्हणाली, "त्या प्लास्टिकच्या डबड्याले कडीनं भोकं असतात. एका हातानं बी शिवता येते ते. धरून ठेवा लागत नाई. मले काचीले तसे भोकं पाडून दे."

"याडी, तू इथंच राह्य ना माह्याजवय."

"राह्यतो ना. हात नाई चालला त राह्यतोच, मी कुठं नाई म्हनलं? पन चालला त मले तांड्यात जाऊ देजो." आणि मग, मी खिडकीबाहेर पाहायला लागले तसं, "इकडं पाय. वचन दे."

मी वचन दिलं. यंत्र बिघडलंय म्हणून सांगता आलं असतं. तिला काय कळणार होतं? पण तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. आणि आमच्या घरात आईला दिलेल्या वचनातून पळवाट काढणारं माणूस अजून जन्माला आलं नव्हतं, तर सुरुवात मी कशी करू?

आधी मी सोपी वाट धरून पाहिली. शेलूबाजारात काचेच्या दुकानातला माणूस हिऱ्याच्या बिटनं काचेला भोकं पाडतो, बाथरूमच्या आरशांना लागतात तशी. त्याच्यासमोर मी नखाएवढ्या गोल काचा ठेवल्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, काचांकडं पाहिलं, एक घेऊन बिट टेकवलं आणि काचेचे दोन तुकडे त्याच्या टेबलाखाली उडाले. दुसरीचंही तेच. "म्याडम, यापेक्षा नवीन ओढनीच घ्या ना," तो म्हणाला. चांगल्या हेतूनंच म्हणाला असेल, पण मी त्याला तिथं दोन शब्द सुनावले आणि जीपमध्ये बसेपर्यंत मनात आणखी सुनावत राहिले.

म्हणजे माझंच यंत्र. त्याचं काम कसं चालतं ते सांगते. काचेतून वीज जात नाही. त्यामुळं ठिणगीनं धातू कोरणारी मोठी यंत्रं काचेपुढं हात टेकतात. या छोट्या यंत्राची युक्ती निराळी. भांड्यात कॉस्टिक सोड्याचं दाट पाणी, त्यात बुडालेली काच, काचेवर अलगद टेकलेली सुई, थोडं दूर पाण्यातच कार्बनची कांडी. सुई आणि कांडी यांच्यात वीज सोडली की सुईभोवती बुडबुडे येतात. वीज वाढवत नेली की ते एकमेकांत मिसळून सुईला चहूकडून वेढतात. मग वीज त्या वायूच्या वेढ्यातून उडी मारते. ठिणग्या बारीक, पिवळसर नारिंगी. त्यांच्या उष्णतेनं काच जेवढी तापते तेवढीच सोडा खातो आणि सुई आपल्या वजनानं खाली उतरते. वीज काचेतून जातच नाही. ती काचेच्या दारात नुसती तडतडते. सुई शिलाईचीच चालते. चष्मा, हातमोजे, खिडकीत पंखा, एवढं सांभाळायचं, कारण सोड्याची वाफ डोळ्यांत गेली तर काचेचं राहू दे, डोळ्याचंच भोक व्हायचं. याडीला मी दाराबाहेर खुर्ची टाकून दिली. ती तिथून ओरडायची, "झालं का?" आणि मी आतून ओरडायचे, "होऊन राह्यलं!"

पहिली भोकं झाली तेव्हा मी नाचायचंच बाकी ठेवलं होतं. कडेला चार, चार दिशांना, सुई आरपार जावी अशी. काच धुतली, पुसली आणि दाराकडं धावले. याडीनं ती उजव्या हातात घेतली, चेहऱ्यासमोर धरली, उलटी केली, परत धरली.

"माह्यं तोंड कुठं गेलं?"

काचेतून तिचा तळहात दिसत होता. सोड्यानं भोकं पाडताना पाठचा पाराच खाऊन टाकला होता. पारा म्हणायचा तो आपण सवयीनं. असतो तो धातूचा पातळ लेप आणि त्यावर रंग, आणि कॉस्टिक सोडा या दोघांनाही चाटून पुसून साफ करतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाराव्या वर्गाला मी ते तोंडपाठ सांगते. भोकाच्या नादात आरसा हा आरसा आहे हेच मी विसरले होते.

"आंधया आरसा नवरीले नाई चालत," याडी म्हणाली, आणि काच माझ्या हातात परत दिली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग माझी झटापट सुरू झाली. पाठीवर मेणबत्तीचं मेण लावलं. ठिणगीची ऊब पोचली की मेण भोकापाशी वितळायचं आणि सोडा आत शिरायचा. भावानं फोनवर सांगितलं, लाख लाव, विळ्याची मूठ लाखेनंच पक्की होते. लावली. सोड्यात लाख अशी विरघळली की भांड्यातलं पाणी जांभळट झालं, आणि काच पुन्हा आंधळी. त्या दिवशी मी भांडं मोरीत रिकामं करताना इतकी बडबडत होते की शेजारीण विचारायला आली, घरात कोणाशी भांडण चाललंय. शेवटी जमलं ते असं. साध्या काचेच्या पट्टीवर मेणाचा जाड थर द्यायचा, आरसा पाठीवर त्यात गच्च बसवायचा, आणि वरून, तोंडाच्या बाजूनं, वीज कमी ठेवून सावकाश उतरायचं. सुई मेणाला लागली की थांबायचं. भोकाभोवती धूसर कडं तरी राहायचंच, पण ते धाग्याखाली झाकलं जाईल एवढंच. किती काचा तडकल्या ते मी मोजलं नाही. याडीनं पण मोजलं नाही. ती म्हणायची, तडकलेल्या काचांनी कोणाची तरी नजर घेतली असन, चांगलं झालं.

या सगळ्या दिवसांत मी कॉलेजातून धावत घरी यायचे. दार उघडं असायचं, ती दाराशी बसलेली असायची, आणि आम्ही दोघी मिळून तिला माझ्यापासून दूर धाडायच्या तयारीला लागायचो. कधी कधी एखादी काच चांगली उतरायची आणि ती धुऊन तिच्या हातात द्यायला मी उशीर लावायचे.

दिवाळीनंतर तिला घेऊन तांड्यात गेले. ट्रक यायचा होता. भाऊ आणि वहिनी गाठोडी बांधत होते. अंगणात शेजारची काकी येऊन बसली. ही काकी म्हणजे याडीची जन्माची मैत्रीण आणि जन्माची वैरीण. दोघींनी एकमेकींशी भांडल्याशिवाय एक दिवस काढला नसेल. काकीच्याच नातीचं लग्न उन्हाळ्यात होतं, ओढणी तिचीच शिवायची होती. तिनं माझ्या पिशवीतली एक काच उचलून उन्हात धरली आणि तोंड वाकडं केलं.

"याले त भोकं हायेत. भोक पडलेली काच म्हंजे फुटकीच काच. फुटकी काच नवरीच्या डोक्यावर? मी नाई घेत बाई."

माझ्या डोक्यात हा विचार कधीच आला नव्हता. मी आरसा वाचवला, धागा जाईल असं बघितलं, काच तडकू दिली नाही, आणि शेवटी सगळं इथं येऊन अडकणार होतं. फुटका आरसा घरातसुद्धा ठेवत नाहीत, तो आमच्या बाया लग्नाच्या ओढणीवर कशाला घेतील? भावानं गाठ बांधायची थांबवली. वहिनी खाली पाहू लागली.

याडीनं काठी भिंतीला टेकवली. "इकडं ये," ती काकीला म्हणाली. काकी वाकली. याडीनं उजव्या हातानं तिच्या कानाची पाळी धरली. "याले भोक हाये का नाई?"

"हाये मंग."

"कोनं पाडलं?"

"माह्या मायनं. टोचला लहानपनी."

"मंग तुहा कान फुटका हाये का?"

वहिनी फसकन हसली. काकीनं कान सोडवून घेतला आणि काचेकडं पुन्हा पाहिलं, या वेळी जरा वेळ लावून. "टोचलेली काच," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग, हार पत्करल्यासारखं दिसू नये म्हणून, "पन नीट बसव. तिरपी बसवली त मी उसवून टाकीन."

भावानं पाटावर खुंट्या ठोकून, खालून हात जाईल एवढ्या उंचीवर एक गोल लाकडी कडं बसवलं, त्यात कापड ताणलं आणि पाट याडीसमोर ठेवला. डावा हात तिनं पाटाच्या कडेवर ठेवून घेतला, वजन म्हणून. काच कापडावर ठेवली. सुई खालून वर काढली, पहिल्या भोकातून. काच सरकली. तिनं ती बोटानं जागेवर आणली आणि पुन्हा सुई घातली. धागा तिनं दातात धरून ओढला. दुसरं भोक, तिसरं. तिसऱ्या टाक्यानंतर काच हलेनाशी झाली, आणि तिचा हात एकदम ओळखीचा झाला. आजारपणाआधीच्या लयीत तिनं कडेची वीण सुरू केली. सुई आत, सुई बाहेर, धागा कानापर्यंत. वीण संपली तेव्हा तिनं पाट भावाकडं ढकलला.

भावानं नखानं काच उचकून पाहिली. ती हलली नाही. त्याचे डोळे भरले होते, पण तो आमच्यातला मोठा आहे, रडताना दिसणं त्याला परवडत नाही. "राह्य मंग," तो म्हणाला आणि गाठोड्याकडं वळला.

काकी म्हणाली, "भाकरीचं मी पायतो."

वचन मी पाळलं होतं. माझी माय मला मागं ठेवून घरी राहणार होती, आणि ती किती खूश आहे हे लपवायचाही प्रयत्न करत नव्हती. मी तिच्यासाठी खूश होते, आणि मला धाय मोकलून रडायचं होतं. ही दोन्ही खरी आहेत. परतताना मंगरूळपीरपर्यंत मी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते, येताना याडीसाठी धरली होती तशी शेजारची जागा रिकामी ठेवून. ड्रायव्हरनं तिथं दुसरं गिऱ्हाईक बसवलं तेव्हा मी त्याच्याशी विनाकारण भांडले.

हिवाळाभर मी काचांना भोकं पाडून त्या जीपवाल्याबरोबर धाडत राहिले. एरवी घरात आले की ताटाशेजारी बसायला कोणी नसायचं, म्हणून जेवणाआधी यंत्राशी बसायचे. काकीच्या मोबाईलवरून याडीचा फोन यायचा. तब्येतीबद्दल ती दोन शब्द बोलायची, ‘बरी हाये,’ आणि मग काचांच्या खोड्या काढायची. भोक कडेच्या फार जवळ पाडलंय, धागा ताणला की टवका उडतो. दोन भोकं समोरासमोर नाहीत. ही काच जाड, ती पातळ. मी चिडायचे, म्हणायचे, याडी, दुकानात जाऊन आण मग. ती म्हणायची, दुकानवाल्याले शिव्या देता येत नाई ना. मी दर पंधरवड्याला जाऊन यायचे. दर वेळी ओढणीवर काचा वाढलेल्या दिसायच्या, आणि याडी थोडी वाळलेली. मी म्हणायचे, चल थोडे दिवस. ती म्हणायची, ओढनी झाली की येतो. तिनं मला ताकास तूर लागू दिली नाही.

माघात काकीच्या मोबाईलवरून फोन आला, पण या वेळी बोलत होती काकीच. मी वर्गात होते. ती एवढंच म्हणाली, "ये बाई. तुही याडी गेली."

भाऊ येईपर्यंत तिला ठेवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, उसाच्या पात्यांनी चिरलेल्या हातांनी, अंघोळ न करता. सगळं उरकून माणसं परतली. अंगणात मी, भाऊ आणि काकी उरलो. भाऊ इतका वेळ माझ्याकडं पाहतच नव्हता. आता पाहिलं.

"तू ते भोकं पाडले नसते," तो म्हणाला, "त ती आज वाशिमले तुह्याजवय राह्यली असती. दवाखाना घराच्या मांग. तुह्या भोकांनं नेली तिले."

हाच विचार मी येताना वाटभर केला होता, त्याच्यापेक्षा वाईट शब्दांत. मी काकीला विचारलं, ताप कधीपासून होता. काकी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, बरेच दिवस झाले. खोकला होता, रात्री छातीत घरघर व्हायची. काढा दिला, शेकलं. अंगात ताप असूनही ती पाटाशी बसायची.

"अन् तू मले फोन काहून नाई केला?" माझा आवाज चढला. "काहून नाई केला, काकी?"

"केला ना बाई. म्हंजे, करूनच राह्यली होती. फोन हातात घेतला होता. तिनं हिसकला." काकीला रडू फुटलं. "म्हने, तिले सांगू नको. तिले समजलं त ती गाडी घेऊन येईन अन् मले नेईन. म्हने, लय मेहनत केली माह्या पोरीनं. ती न्याले आली त मले तिले नाई म्हनता येनार नाई. म्हनून सांगूच नको."

अंगणात शेळ्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना बांधायला कोणी उठलं नाही. भाऊ बराच वेळ आपल्या हातांकडं पाहत बसला. मग त्यानं विचारलं, रागानं नाही, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून.

"नेली असती त जगली असती का?"

"हो," मी म्हणाले. "बहुतेक जगली असती."

"अन् तू नेली असती?"

"हो. ती नाई म्हनली असती तरी नेली असती."

त्यानं मान हलवली. काकीनं डोळे पुसले आणि शेळ्या बांधायला उठली. मी खोटं बोलले नव्हते. वचन मोडून मी तिला उचलून नेलं असतं, आणि माझ्याबद्दलची ही गोष्ट तिला माझ्याआधी कळली होती.